मारायचं की सोडायचं: एनके पेशी हे ठरवतात कसं

घरात कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी म्हणतं, "आधी प्रतिकारशक्ती वाढवा." मग काढे येतात, पावडरी येतात, आणि अलीकडे 'एनके पेशी वाढवणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्याही येतात. मी ठाण्यातल्या एका लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजायचं काम करते, आणि या एनके पेशींचं मला फार कौतुक आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं. एनके पेशीकडे मारायची ताकद आधीपासूनच भरपूर असते. समोरच्या पेशीला मारायचं की सोडायचं हे ती कसं ठरवते, सगळं त्यावर अवलंबून आहे. कॅन्सर तिला फसवतो तोही नेमका तिथेच.

एनके म्हणजे नॅचरल किलर, नैसर्गिक मारक पेशी. पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट गटात बी पेशी आणि टी पेशींच्या जोडीची ही तिसरी जात. रक्तातल्या लिम्फोसाइटपैकी साधारण 5 ते 15 टक्के एनके असतात. लीशमन स्टेन केलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की बहुतेक लिम्फोसाइट म्हणजे गडद जांभळं केंद्रक आणि भोवती निळसर पातळ कड, इतकंच दिसतं. मध्येच एखादी जरा मोठी पेशी येते. तिच्या कडेला फिकट निळी जागा जास्त असते आणि त्या जागेत लालसर जांभळे बारीक दाणे विखुरलेले असतात. अशा दाणेदार लिम्फोसाइटमध्ये एनके पेशी मोठ्या संख्येने असतात. नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही, त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा तपासाव्या लागतात. पण ते दाणे लक्षात ठेवा, मारण्याचं सगळं सामान त्यांच्यात असतं.

या पेशींचा शोध लागला तो प्रयोगातल्या एका अडचणीमुळे. सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ टी पेशींवर काम करत होते. गाठीची ओळख आधी करून दिलेल्या प्राण्याच्या पेशी त्या गाठीला मारतात का, हे बघायचं होतं. तुलनेसाठी ज्यांना अशी कोणतीही ओळख करून दिलेली नाही अशा प्राण्यांच्या पेशीही घेतल्या जात, आणि त्यासुद्धा कॅन्सरच्या पेशी मारत. बरेच दिवस अनेकांना हा प्रयोगातला दोष वाटला. 1975 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किस्लिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल यांनी, आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने, ही वेगळीच पेशी असल्याचं दाखवून दिलं. दोष म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीतून अख्खी पेशी हाती लागली.

मग खरा प्रश्न उभा राहिला. आधी ओळख नाही, प्रशिक्षण नाही, मग ही पेशी आपलं आणि परकं ओळखते कसं?

इथे आधी टी पेशीचं काम समजून घ्यावं लागेल. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग 1 नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे छोटे तुकडे या एचएलएवर बसवून बाहेर मांडले जातात. आत विषाणू शिरला असेल तर विषाणूचा तुकडा बाहेर दिसतो, आणि तो तुकडा ओळखणारी टी पेशी येऊन त्या पेशीला संपवते. कॅन्सरच्या पेशींनी यावर सरळ तोड काढली आहे. बऱ्याच गाठींमध्ये काही पेशी एचएलए दाखवायचंच बंद करतात. तुकडा दिसत नाही, म्हणून टी पेशी समोरून निघून जाते.

स्वीडनच्याच क्लास कारे यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक कल्पना मांडली: एनके पेशी परक्याची खूण शोधतच नसेल, ती आपल्याची खूण आहे की नाही एवढंच बघत असेल. 1986 मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कॅन्सरच्या ज्या पेशींवर ही खूण शाबूत होती त्या उंदरात वाढल्या, ज्यांनी ती गमावली होती त्या नाकारल्या गेल्या. ठाणे स्टेशनच्या पुलावर उभा असलेला टीसी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कोण, कुठे निघालात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तिकीट किंवा पास दाखवला की वाट मोकळी, नाही दाखवला की बाजूला घेतो. टी पेशी म्हणजे एका ठरावीक आरोपीचा फोटो घेऊन त्याच गर्दीत फिरणारा पोलीस. चेहरा झाकून घेणारा पोलिसाच्या हातून निसटेल, पण तिकीट नसेल तर टीसी त्याला अडवणारच. टी पेशीपासून लपण्यासाठी कॅन्सर जे करतो, त्यामुळेच तो एनके पेशीच्या नजरेत भरतो. शरीराची ही रचना मला आजही थक्क करते.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात म्हणून थोडं खोलात जाते. आपल्या तांबड्या पेशींवर एचएलए जवळजवळ नसतंच. खूण नाही एवढ्यावरून मारायचं असतं तर आपण सगळेच रक्तक्षयाने आजारी पडलो असतो. म्हणजे खूण नसणं पुरेसं नाही, मारण्यासाठी वेगळं कारणही लागतं. एनके पेशीच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे संकेत पकडणारी प्रथिनं, असतात. काही तिला थोपवतात: किर या गटातले रिसेप्टर समोरचं एचएलए ओळखून 'थांब' असा संकेत आत पाठवतात, आणि एनकेजी2ए हा एचएलए-ई नावाच्या प्रथिनाला धरून तेच करतो. काही तिला चेतवतात. त्यातला सर्वांत अभ्यासलेला एनकेजी2डी. पेशीच्या डीएनएला इजा झाली, विषाणू शिरला, पेशी बेसुमार वाढू लागली, की तिच्या पृष्ठभागावर मिकए, मिकबी यांसारखी ताणाची प्रथिनं उगवतात. निरोगी पेशीवर ती सहसा नसतात. एनकेजी2डी ती ओळखतो.

एनके पेशी समोरच्या पेशीला चिकटते तेव्हा हे सगळे संकेत एकाच वेळी आत येत असतात. थोपवणारे जास्त असतील तर ती सोडून देते आणि पुढे सरकते. चेतवणारे वरचढ ठरले तर हल्ला. तांबडी पेशी वाचते कारण तिच्यावर चेतवणारं काही नसतं. कॅन्सरची पेशी सापडते कारण तिच्यावर ताणाची प्रथिनं असतात आणि अनेकदा एचएलएही कमी झालेलं असतं. एक एक रिसेप्टर एकेकटा निकाल देत नाही. म्हणूनच 'एनके पेशी वाढवा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. शंभरच्या दोनशे केल्या आणि त्या दोनशेंनाही गाठीपाशी थोपवणाराच संकेत मिळाला, तर दोनशेच्या दोनशे तशाच निघून जातील.

निकाल मारण्याचा लागला की जे होतं ते फार नेमकं असतं. दोन पेशी जिथे चिकटल्या तिथे एनके पेशी त्या दाण्यांना आतून ओढून आणते. दाणे त्या एकाच बिंदूपाशी रिकामे होतात, त्यामुळे आजूबाजूच्या निरोगी पेशींना सहसा धक्का लागत नाही. दाण्यांत परफोरिन आणि ग्रँझाइम ही प्रथिनं असतात. कॅल्शियम असेल तेव्हा परफोरिनचे रेणू समोरच्या पेशीच्या आवरणात गोलाकार जोडले जाऊन छिद्र पाडतात. त्या वाटेने ग्रँझाइम आत शिरतात आणि पेशीची स्वतःला संपवायची जी यंत्रणा तिच्यात मुळात असतेच, ती सुरू करून देतात. पेशी आतून आवरत जाते, तिचे तुकडे होतात आणि ते तुकडे भक्षक पेशी गिळून टाकतात. एनके पेशी मात्र शाबूत सुटते आणि पुढच्या पेशीकडे वळते. एकच एनके पेशी एकामागून एक कित्येक पेशी मारू शकते. शिवाय ती इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते, त्याने भक्षक पेशी आणि टी पेशी जाग्या होतात. त्यामुळे तिने स्वतः मारलेल्या पेशींपेक्षा तिच्या कामाचा आवाका बराच मोठा आहे.

आणखी एक वाट आहे, आणि ती ठाण्या-नवी मुंबईतल्या अनेक रुग्णांच्या सलाइनमधून रोज जाते. एनके पेशीवर सीडी16 नावाचा रिसेप्टर असतो. तो अँटीबॉडीचं शेपूट पकडतो. एखाद्या पेशीला अँटीबॉडी चिकटलेली दिसली की सीडी16 चा संकेत इतका जोरदार असतो की थोपवणारे संकेतही बऱ्याचदा फिके पडतात. लिम्फोमासाठी (लिम्फोसाइटच्या कॅन्सरसाठी) दिलं जाणारं रिटुक्सिमॅब, स्तनाच्या हर-2 पॉझिटिव्ह (हर-2 हे प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरसाठी दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब, ही अशाच अँटीबॉडींची औषधं आहेत. त्यांना अमेरिकेत अनुक्रमे 1997 आणि 1998 मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या परिणामात इतर यंत्रणांबरोबर एनके पेशींचाही वाटा आहे. गंमत अशी की सीडी16 चे माणसामाणसांत दोन प्रकार असतात, एक अँटीबॉडीला घट्ट धरतो, दुसरा जरा सैल. 2002 मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं की घट्ट धरणारा प्रकार दोन्ही पालकांकडून मिळालेल्या रुग्णांना रिटुक्सिमॅब जास्त लागू पडलं. म्हणजे आपल्या शेजारच्या काकूंना स्तनाच्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी जे इंजेक्शन मिळतं, त्यात त्यांच्या स्वतःच्या एनके पेशीही कामाला लागलेल्या असतात. 'एनके उपचार' म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही इतकंच.

इतकं सगळं असून कॅन्सर का होतो? कारण गाठही बदलत राहते. ज्या पेशी एनकेच्या हाती लागतात त्या मरतात, ज्यांना चुकवायला जमतं त्या उरतात आणि वाढतात. काही गाठी आपल्या पृष्ठभागावरचं मिकए कापून रक्तात सोडून देतात. ते सुटं मिकए एनकेच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, आणि एनके पेशी हळूहळू तो रिसेप्टरच आत ओढून घेते. काही गाठी एचएलए-ई वाढवतात. गाठीभोवती टीजीएफ-बीटा नावाचं प्रतिकार दडपणारं प्रथिन साचतं, त्याने एनके पेशी मंदावतात. तिथे ऑक्सिजन कमी, साखर कमी, आणि घट्ट तंतूंमुळे आत शिरायलाच वाट नाही. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर इतका दिसतो, त्या घट्ट गाठींच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये एनके पेशी आणि रोगट पेशी एकाच प्रवाहात असतात, म्हणून तिथे यश आधी आलं.

एनके पेशी माणसात खरोखर किती महत्त्वाच्या आहेत याचे पुरावे थोडे पण बोलके आहेत. 1989 मध्ये एका किशोरवयीन मुलीची नोंद प्रसिद्ध झाली, जिच्या शरीरात एनके पेशी नव्हत्या. तिला नागीण वर्गातल्या विषाणूंचे एकामागून एक गंभीर संसर्ग झाले. 2000 मध्ये जपानच्या साइतामा प्रांतातल्या 3,625 रहिवाशांचा 11 वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांच्या रक्ताची मारक क्षमता कमी होती, त्यांच्यात पुढे कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. हा संबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

आणि त्या अभ्यासात मोजली होती ती क्षमता, संख्या नव्हे. हे सांगायला हवं, कारण नौपाड्यातल्या एक ओळखीच्या काकू मध्यंतरी काकांचा रिपोर्ट घेऊन आल्या. लिम्फोसाइटच्या उपप्रकारांच्या तपासणीत एका ओळीत लिहिलं होतं: सीडी3 (टी पेशीची खूण) नाही, सीडी16/56 (एनके पेशीच्या खुणा) आहे, 6 टक्के. "अगं, सहाच टक्के! कमीच झालं ना हे? आणि तो इंजेक्शनवाला म्हणतो, वीस करून देतो." मी म्हटलं, "काकू, सहा टक्के नॉर्मलमध्येच येतात. आणि या मशीनने फक्त डोकी मोजली आहेत, त्या काम किती करतात ते यात नाही." काम मोजायची जुनी पद्धत अशी: के562 नावाच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी, ज्यांच्यावर एचएलए वर्ग 1 जवळजवळ नसतं, त्यांच्यात किरणोत्सारी क्रोमियम-51 भरायचं. मग रुग्णाच्या पेशी त्यांच्याबरोबर 37 अंशांवर सुमारे चार तास ठेवायच्या. जितक्या के562 फुटतील तितकं क्रोमियम बाहेरच्या द्रवात येतं, ते मोजायचं. आता किरणोत्सार टाळणाऱ्या पद्धतीही आहेत. पण ही कामं संशोधनाच्या प्रयोगशाळेत होतात, कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरवर नाहीत. आणि परीक्षानळीत के562 मरते म्हणून काकांच्या जबड्यातली गाठ मरेल असं त्यातून म्हणता येत नाही.

आता उपचारांकडे. 1985 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी रुग्णांचे लिम्फोसाइट बाहेर काढून इंटरल्यूकिन-2 या प्रतिकार पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाने चेतवले आणि परत दिले. 25 पैकी 11 रुग्णांच्या गाठी निम्म्याहून जास्त आटल्या. पण सोबत द्यावं लागणारं इंटरल्यूकिन-2 रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपवतं, रक्तदाब कोसळवतं, आणि काही रुग्णांना ते फार जड गेलं. पुढे कळलं की रुग्णाच्या स्वतःच्या एनके पेशींना त्याच्याच एचएलएमुळे थोपवणारा संकेत मिळतो. मग दुसऱ्या माणसाच्या दिल्या तर? 2002 मध्ये इटलीतल्या पेरूजाच्या गटाने अर्ध्या जुळणीच्या बोन मॅरो प्रत्यारोपणांचा अभ्यास मांडला. दात्याच्या एनके पेशींना रुग्णाच्या पेशींवर आपली खूण सापडत नव्हती अशा अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण खूप कमी होतं. 2005 मध्ये मिनेसोटात जेफ्री मिलर यांच्या गटाने जवळच्या नातेवाइकांच्या एनके पेशी प्रत्यारोपण न करता सलाइनमधून दिल्या. इतर उपचारांना न जुमानणाऱ्या 19 ल्युकेमिया रुग्णांपैकी 5 जणांचा आजार पूर्ण दबला.

इथे एक मोठा फायदा लक्षात आला. परक्याच्या टी पेशी दिल्या तर त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. एनके पेशींमुळे तसं सहसा होत नाही. म्हणजे एका दात्याच्या पेशी अनेक रुग्णांसाठी आधीच तयार करून ठेवता येतील.

कार-टी उपचार आता इकडे बऱ्याच जणांनी ऐकलेला आहे. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात 4 जून 2021 रोजी देशातली पहिली कार-टी चिकित्सा झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार19 ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झालं. त्यात रुग्णाच्याच टी पेशींना नवा रिसेप्टर देऊन बी पेशींवरचं सीडी19 ओळखायला लावतात. ठाण्याहून पनवेल लोकल धरून ज्या केंद्रात केमोला जातो तिथेच हे घडलं, याचा मला अभिमान वाटतो. पण प्रत्येक रुग्णाच्या पेशी वेगळ्या काढा, वाढवा, परत द्या, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं, आणि ज्याचा आजार वेगाने वाढतोय त्याला थांबायला वेळ नसतो.

हाच रिसेप्टर एनके पेशीला दिला तर? ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये केटी रेझवानी यांच्या गटाने नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींना सीडी19 ओळखणारा रिसेप्टर दिला, सोबत इंटरल्यूकिन-15 तयार करण्याचा जनुक दिला म्हणजे पेशी टिकतील, आणि गरज पडली तर पेशी नष्ट करता येतील अशी सोयही ठेवली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात 11 पैकी 8 रुग्णांना उपचार लागू पडला, 7 जणांचा आजार पूर्ण दबला. कार-टीमध्ये ज्याची भीती असते ते तीव्र सायटोकाइन वादळ (प्रतिकारशक्तीच्या संदेश देणाऱ्या प्रथिनांचा पूर) किंवा मेंदूवरचा परिणाम कुणातही दिसला नाही. 2024 मध्ये 37 रुग्णांचे निकाल आले तेव्हा उपचार लागू पडण्याचं प्रमाण 48.6 टक्के होतं. छोट्या गटातला आकडा मोठ्या गटात खाली येणं हे नेहमीचंच आहे, आणि बरे निकाल वाचताना ते ध्यानात ठेवायला हवं.

अपयशंही आहेत. एनकेजी2ए ला अडवणाऱ्या मोनालिझुमॅबकडून डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये मोठी आशा होती, तिसऱ्या टप्प्यातली ती चाचणी 2022 मध्ये थांबवावी लागली. दुसरीकडे इंटरल्यूकिन-15 वर आधारलेलं, एनके आणि टी दोन्ही पेशींना चेतवणारं एक औषध एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते बीसीजीला (मूत्राशयात सोडल्या जाणाऱ्या लशीला) दाद न देणाऱ्या मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, बीसीजीबरोबरच दिलं जातं. मात्र प्रयोगशाळेत तयार केलेल्या एनके पेशींच्या एकाही उपचाराला 2024 अखेरपर्यंत अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) कॅन्सरसाठी मान्यता दिलेली नव्हती. बाहेर वाढवलेल्या एनके पेशी शरीरात बहुतेकदा काही आठवडेच टिकतात, गोठवून वितळवल्यावर त्यांची धार कमी होते, आणि घट्ट गाठीत शिरण्याचा प्रश्न आहेच.

व्यायामाबद्दल लोक विचारतात. व्यायाम करताना अ‍ॅड्रेनालिन वाढलं की एनके पेशी रक्तात उतरतात हे माणसात दिसलेलं आहे. 2016 मध्ये डेन्मार्कमधल्या गटाने दाखवलं की चाकात पळणाऱ्या उंदरांच्या गाठी कमी वाढल्या, आणि एनके पेशी काढून टाकल्यावर हा फायदा गेला. तलावपाळीला रोज फेऱ्या मारल्याने गाठ जाईल असं यातून कुणी समजू नये. पण केमोचा थकवा, झोप, भूक यासाठी डॉक्टरांना विचारून चालणं चांगलंच.

म्हणून आता कुणी 'एनके सेल थेरपी' म्हणून काही लाखांचं पॅकेज पुढे ठेवलं, तर आधी विचारा: ही मंजूर चिकित्सा आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? भारतात औषधांच्या चाचण्यांना ही नोंदणी 2009 पासून बंधनकारक आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचारांपलीकडच्या खर्चाचा बोजा चाचणीतल्या रुग्णावर टाकायचा नसतो. क्रमांक दिला नाही, किंवा चाचणी म्हणून पैसे मागितले, तर तो कागद तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. क्रमांक दिला, तर सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा: आजार कोणता, टप्पा कोणता, रुग्णालय कोणतं, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, सगळं तिथे विनामूल्य वाचता येतं.